वर्कीच्या नावानं

पुलिक्काट्टिल घर, पाला
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय त्रेस्या,

येशूची स्तुती असो. हे पत्र वाचण्याआधी खाली बस.

आपला धाकटा वर्की गेला. नऊ तारखेला, मस्कतला, गॅरेजात. ट्रकखाली शिरून काम करत होता आणि जॅक निसटला. त्याच्या खोलीत राहणाऱ्या कांजिरपल्लीच्या मुलानं मला पत्र घातलंय. तिथंच पुरलं. फादर मिळाले होते, सगळं रीतीनं झालं, असं तो लिहितो.

अम्मच्ची चौदा तारखेपासून दवाखान्यात आहे. छातीत दुखायला लागलं तेव्हा त्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय फार नाजूक झालंय, दोन महिने कसलाही धक्का नको. ते ऐकून घरी आलो तर दारात पोस्टमन उभा. पत्र खिशात घातलं आणि तिच्यासाठी पेज घेऊन परत गेलो. तिनं पहिलं काय विचारावं? ‘वर्कीचं काही आलं का रे?’ मी म्हणालो, ‘नाही.’

त्रेस्या, तो शब्द कसा निघाला मला सांगता येत नाही. पण निघाला. आता परत तोंडात कसा घालू?

मला आणि तुझ्या वहिनीला, पेण्णम्माला, माहीत आहे, आणि आता तुला. त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी त्याच्या नावानं मिस्सा मी नदीपलीकडच्या चर्चमध्ये सांगितली आहे. आपल्या चर्चमध्ये नाव वाचलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. पलीकडे आपल्याला कोण ओळखतंय! तू अम्मच्चीला लिहिशील तेव्हा यातलं अवाक्षर नको. तुमच्याकडच्या थंडीबद्दल लिही.

तुझा मोठा भाऊ,
कुर्याको


राजकोट
२ डिसेंबर १९७८

प्रिय चेट्टायी,

खाली बसायला विसरले. मठात आमची पत्रं आधी मदर उघडतात. या वेळी त्यांनी मला बोलावून पत्र स्वतः हातात दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हाच कळलं. कोण, तेवढंच कळायचं राहिलं होतं. मला वाटलं अम्मच्ची. चेट्टायी, वर्कीचं नाव वाचून क्षणभर मला आपली वाचण्यात चूक झालीय असंच वाटलं. तो सगळ्यांत धाकटा. मी त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. मदर म्हणाल्या, या दुःखात तुझी घरची पत्रं मी उघडणार नाही.

आता रागावू नकोस. मी इथं पहिल्या कम्युनियनच्या मुलींना बायबल शिकवते. दर वर्षी विचारते, माणसाचं पहिलं पाप कोणतं? सगळ्या एका सुरात ओरडतात, ‘सिस्टर, फळ खाल्लं!’ मी म्हणते, फळ नंतर गं बायांनो. त्याआधी सर्प खोटं बोलला, आणि हव्वेनं ते खरं मानलं. मुळात फसवणूक आहे, फळ तिला लागलेलं आहे. आणि काय खोटं बोलला तो? ‘तुम्ही मरणार नाही.’ बारा वर्षं हे शिकवते आहे. जगातलं पहिलं खोटं मरणाबद्दलचंच होतं, हे मात्र तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

डॉक्टरांनी दोन महिने म्हटलंय ना? दोन महिने मी गप्प राहते. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत अंतर आहे, असं मी स्वतःला समजावते. फार नसावं.

तुझी,
त्रेस्या


पाला
१० डिसेंबर १९७८

प्रिय त्रेस्या,

अम्मच्चीला घरी आणलंय. औषध घेत नाही. ‘ख्रिसमस आला तरी माझ्या पोराची चिठ्ठी नाही, मग या गोळ्या कुणासाठी गिळू?’ म्हणते आणि तोंड भिंतीकडे करते. काल तर थुंकून टाकली. पेण्णम्मानं हात टेकलेत.

मी तीनदा लिहायला बसलो. ‘सर्व कुशल, तुमचे कुशल कळवावे,’ एवढं लिहिलं आणि मलाच हसू आलं. हा वर्की कुठला? हा तर कुर्याको. तो कसा लिहायचा, आठवतंय? ‘कलेक्टरसाहेब, कोंबड्यांना शिव्या घालणं चालू आहे का?’ आईला कलेक्टरसाहेब म्हणण्याची छाती त्याचीच. मी म्हटलं असतं तर पाठीत चुलीतलं लाकूड बसलं असतं.

तुझं आणि त्याचं अक्षर एकच आहे. तूच घडवलंस. चष्मा लावला की अम्मच्चीला अक्षर ओळखू येतं, म्हणून दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येत नाही. एक पत्र लिही. एकच. सुट्टीवर आलेल्या माणसानं हाती आणलं म्हणून सांगेन, तिकिटाचा प्रश्न नाही. मदरना दाखवू नकोस.

तू नाही लिहिलंस आणि तिला काही झालं, तर मग मला पाप आणि पुण्य शिकवायला येऊ नकोस.

कुर्याको


राजकोट
१९ डिसेंबर १९७८

चेट्टायी,

सोबत आहे ते. शाळेतल्या एक टीचर ख्रिसमससाठी कोट्टयमला येताहेत, त्यांच्या पिशवीतून पाठवते आहे. मदरना काही सांगितलं नाही. तुझ्या एका खोट्याला माझी दोन लागली.

आज त्याला जाऊन एकेचाळिसावा दिवस. आज आपल्या ओसरीवर माणसं जेवायला बसायची होती, फादर येऊन प्रार्थना म्हणायचे होते. त्याऐवजी मी कपडे वाळत घालायच्या गच्चीवर बसून लिहिलं:

‘कलेक्टरसाहेब, तुमच्या कोंबड्या आणि तुमची सून यांच्यात जास्त अंडी कोण लपवतं, याची चौकशी पूर्ण झाली का? दवाखान्यात जाऊन आलात असं ऐकलं. मला न विचारता आजारी पडायची परवानगी कोणी दिली? गोळ्या वेळेवर घ्या, नाहीतर मी आल्यावर तुमच्या मीन करीला नावं ठेवीन...’

असं दोन पानं. तुला एक सांगते, जे फादरांनाही सांगायची लाज वाटते. लिहिताना मला दुःख झालं नाही. तो माझ्या शेजारी येऊन बसला होता. पुढचं वाक्य तोच सांगत होता. मी हसले, चेट्टायी. मग सही केली, ‘वर्की’, आणि तो उठून गेला. असं गोड असल्याशिवाय का हव्वेनं हात पुढे केला असेल?

पुन्हा मागू नकोस.

त्रेस्या


पाला
८ जानेवारी १९७९

प्रिय त्रेस्या,

देव तुझं भलं करो. पत्र ऐकताना अम्मच्ची इतकी हसली की तिला ठसका लागला. मग चष्मा लावून स्वतः वाचलं. मग शेजारच्या एलीचेडत्तीला बोलावून पुन्हा माझ्याकडून वाचून घेतलं. चेडत्ती गप्प बसून ऐकत होती, एरवी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. मला वाटतं, जळली असेल. तिच्या मुलाचं वर्षाला एक पत्र येतं.

आता गोळ्या घेते. दोन घास जास्त जेवते. पत्र उशाखाली आहे. संत गीवर्गीसच्या क्रूसापाशी रोज एक मेणबत्ती लावते, वर्कीला दीर्घायुष्य मिळो आणि यंदा त्याचं लग्न जमो म्हणून. संध्याकाळी रोझरीच्या शेवटी हेच मागणं मोठ्यानं म्हणते आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून ‘आमेन’ म्हणतो. पेण्णम्माचा आवाज हल्ली निघत नाही. मी दोघांचं म्हणतो.

ईस्टरसाठी एक छोटंसं पत्र लागेल. घाई नाही.

कुर्याको


राजकोट
२८ जानेवारी १९७९

प्रिय चेट्टायी,

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. ती मेणबत्ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण काय केलंय ते पाहा. वर्की एकाएकी गेला. पापकबुली नाही, तोंडात पवित्र भाकर नाही, अंगाला तेल नाही. अशा जिवाला कशाचा आधार? मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा. आणि आईच्या प्रार्थनेपेक्षा मोठी कोणाची? ती रोज गुडघ्यांवर बसते, रोज त्याचंच नाव घेते, आणि मागते काय? बायको! ज्याला आत्म्याची शांती हवी त्याच्यासाठी आपण आईला नवरी मागायला लावलंय. मला वाटत होतं, आपण अम्मच्चीला फसवतो आहोत. आपण वर्कीची आई पळवली आहे.

दोन महिने झाले. डॉक्टर काय म्हणतात, ते तू लिहिलं नाहीस.

आणि पेसहाचं काय करणार? वर्षभरात घरात मरण झालं असेल तर पवित्र गुरुवारी त्या घरात तांदळाचा पेसहा-अप्पम करायचा नसतो, शेजारीपाजारी आणून देतात, हे काय मी तुला सांगायचं? अप्पाचन गेले त्या वर्षी सात घरांतून आला होता. त्याआधी तिला सांग. मी सुट्टी मागून येते. दोघं मिळून सांगू.

त्रेस्या


पाला
३ मार्च १९७९

त्रेस्या,

येऊ नकोस. तुला अवेळी दारात पाहिलं की तिला तेवढ्यानंच कळेल.

तुमच्या मठाला भिंती आहेत, आत बसून खरं बोलणं सोपं असतं. तिची मान हाताच्या तळव्यावर धरून पाणी मी पाजतो. तुझ्या सर्पानं हव्वेला बुडवायला खोटं सांगितलं. मी आईला जगवायला सांगतोय. देवाला एवढा फरक कळत नसेल, तर मग आम्ही अडाण्यांनी काय करावं?

पेसहाचा अप्पम आपल्या घरी होईल. पेण्णम्मा तयार नव्हती, तिला समजावलं. नाही केला तर अम्मच्ची विचारेल, कुणाचं मरण झालं म्हणून. पत्र पाठवायचं तर पाठव, नाहीतर राहू दे.

कुर्याको


राजकोट
२० मार्च १९७९

प्रिय चेट्टायी,

मी पापकबुली देऊन आले. फादर म्हणाले, चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय चोरीची क्षमा कशी मागशील? टीचरच्या पिशवीतून काय पाठवलं ते मदरनाही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ‘आता मला तुझी पत्रं उघडताना भीती वाटेल,’ एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्कीच्या नावानं यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही. आणि ईस्टरनंतरच्या रविवारी मी अम्मच्चीला माझ्या नावानं सगळं लिहिणार आहे. तोवर तुला वेळ आहे.

डॉक्टरांचं मी दुसऱ्यांदा विचारते आहे. आपण लहान असताना तू साप मारायला अनवाणी धावायचास. तू खरंच अम्मच्चीच्या हृदयाला घाबरतो आहेस का? की दुसऱ्याच कशाला?

त्रेस्या


पाला
१४ एप्रिल १९७९, पवित्र शनिवार

प्रिय त्रेस्या,

तुला लिहायची गरज उरली नाही. अम्मच्चीला कळलं. सगळं क्रमानं लिहितो, तिनंच बजावलंय की काही गाळायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पेण्णम्मानं अप्पम वाफवला. रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस वर ठेवला. गूळ आणि नारळाचं दूध आटवून ठेवलं. अम्मच्चीला धुतलेला चट्टा-मुंडू नेसवून खुर्चीवर बसवलं. मी प्रार्थना म्हटली, सुरी हातात घेतली आणि दारावर थाप पडली.

एलीचेडत्ती. एका हातात केळीच्या पानात बांधलेला अप्पम, दुसऱ्या हातात दुधाचं भांडं. आत येता येताच बोलायला लागली, ‘पेण्णम्मे, धर गं, गरम आहे. यंदा तुमच्या घरी होणार नाही, मग मीच नको का आणायला? शेजार कशाला असतो?’ आणि टेबलावर आमचा अप्पम दिसला तशी ती जागीच थांबली.

तिची मुलगी नदीपलीकडे दिलेली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या त्या मिस्सेला चेडत्ती मुलीकडे होती. वेदीवरून नाव वाचलेलं तिनं ऐकलं. घरची माणसं काही बोलत नाहीत, म्हातारी आजारी आहे, म्हणून पाच महिने ओठ शिवून बसली. तुझं पत्र वाचलं तेव्हाही ऐकून घेतलं बिचारीनं. मी म्हटलं होतं, जळली. पण तिला वाटलं, एवढ्या दिवसांत सांगितलंच असणार. आणि सांगितलं नसलं तरी मरणाचं घर पेसहाच्या रात्री अप्पमशिवाय ठेवायचं कसं?

अम्मच्चीनं दोन्ही अप्पमकडे पाहिलं. ‘एली,’ ती म्हणाली, ‘कुणासाठी गं?’

चेडत्ती माझ्याकडे पाहायला लागली. ‘तू बोल रे. मी परकी.’

‘अम्मच्ची, आधी गोळी घे,’ मी म्हणालो.

‘गोळी ठेव. नाव सांग.’

मी सांगितलं. त्रेस्या, ती मेली नाही. पडलीसुद्धा नाही. खुर्चीचे हात घट्ट धरले. मग विचारलं, ‘कधी?’ मी तारीख सांगितली. तिनं बोटांवर मोजलं. ‘म्हणजे एकेचाळिसावा ख्रिसमसच्या आधी. त्या दिवशी मी काय करत होते गं, पेण्णम्मे?’

पेण्णम्मा रडत म्हणाली, ‘वर्कीच्चनला पाठवायला केळ्याचे वेफर तळून घेत होतात.’

तेव्हा तिचा आवाज फुटला. ‘पाच महिने माझं लेकरू तिकडे स्वर्गाच्या दारात एकटं उभं होतं, आणि मी इथं त्याच्यासाठी नवरी मागत होते. आणि तू आमेन म्हणत होतास!’

मी तिच्या पायांशी बसलो आणि म्हणालो, तू मरशील म्हणून भ्यालो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. ‘तुला कोणी सांगितलं मी मरेन? तुझे अप्पाचन गेले तेव्हा मी मेले? दोन लेकरं पाळण्यातून गेली तेव्हा मेले?’

तू जे दोनदा विचारलंस त्याचं उत्तर आता देतो. डॉक्टर जानेवारीतच म्हणाले होते की हरकत नाही, हळूहळू सांगा. मी तुझ्यापासून लपवलं. अम्मच्ची नको नको म्हणत असताना वर्कीला मस्कतला मीच धाडला होता. ‘इथं रबराच्या झाडांना मिठी मारून काय मिळणार,’ म्हणून त्याच्या मागे लागलो, स्वतः नेऊन विमानात बसवला. मला तिच्या हृदयाची भीती नव्हती. तिच्या तोंडाकडे पाहायची होती. हेही तिला सांगून टाकलं.

ती म्हणाली, ‘तू धाडलास त्याचा राग मी केव्हाच टाकला. या पाच महिन्यांचा टाकायला वेळ लागेल.’

आमचा अप्पम तिनं मोडू दिला नाही. ‘पिठाचा दोष नाही, पण हा खायचा नाही,’ म्हणाली आणि पेण्णम्माला चुलीच्या विस्तवात टाकायला लावला. मग एलीचेडत्तीचा अप्पम तिनं मला मोडायला लावला. तुकडे लहानमोठे झाले. सगळ्यांत लहान मी घेतला.

एक गोष्ट अजून राहिली. कांजिरपल्लीच्या मुलाच्या पाकिटात एक कागद होता, वर्कीच्या शर्टाच्या खिशातला. त्यानं त्या सकाळी पत्र लिहायला घेतलं होतं. ‘कलेक्टरसाहेब, या खेपेला’ एवढंच. पुढं काही नाही. तो कागद मी रबराच्या शेडमध्ये डब्यात दडवून ठेवला होता. परवा आणून तिला दिला. त्या मुलाचं पत्र सोबत तुला पाठवतोय.

आता अम्मच्ची सांगते ते तिच्या शब्दांत लिहितो:

‘त्रेस्ये, तुझं पत्र उशाखालून काढून ट्रंकेत ठेवलंय. जाळलं नाही. जाळवत नाही. तुझं पत्र पूर्ण होतं आणि त्याचं अर्धं. मला अर्धंच हवं होतं. सिस्टर झालीस तरी तुला हे कळू नये? ज्या हातानं तो जिवंत आहे असं लिहिलंस, त्याच हातानं तो मेला असं लिही. काही कमी करू नकोस, गोड करू नकोस. कुर्याको ते सगळ्यांसमोर वाचेल आणि त्यानंतर आम्ही रोझरी म्हणू. तोपर्यंत मी बसून आहे.’

कुर्याको


राजकोट
२३ एप्रिल १९७९

प्रिय अम्मच्ची,

तुझा वर्की मेला.

गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मस्कतच्या एका गॅरेजात तो ट्रकखाली होता आणि ट्रक त्याच्या छातीवर आला. बाहेर काढायला बराच वेळ लागला. तो बोलला नाही. त्याला पापकबुली देता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तिथल्या वाळूत पुरलं, अकरा माणसं होती, त्यांतलं आपलं कोणी नव्हतं. हे सगळं त्या कांजिरपल्लीच्या मुलानं चेट्टायीला कळवलं, आणि तो गेल्याचं मला डिसेंबरच्या दोन तारखेपासून माहीत होतं.

एकोणीस डिसेंबरला त्याच्या नावानं पत्र लिहिलं ते मी. त्यातला एकही शब्द त्याचा नव्हता. तू हसलीस ते माझ्या शब्दांना. चेट्टायीनं मागितलं म्हणून लिहिलं असं मी म्हणू शकते, पण मग मी हव्वेसारखी दुसऱ्याकडे बोट दाखवेन. मलाही तो हवा होता. मी तुझ्याआधी स्वतःला फसवलं.

तू क्षमा कर असं आज मागत नाही. चेट्टायीला तू वेळ लागेल म्हणालीस, तेवढाच मलाही लागू दे.

मोठ्या सुट्टीत मी घरी येते आहे. एकेचाळिसावा उशिरा का होईना, ओसरीवर पानं मांडून करू. तोवर रोज संध्याकाळी, तू रोझरीला बसशील त्या वेळी, मीही इथं बसेन. त्याच्या आत्म्याला शांती मिळो, एवढंच मागायचं. आता आपण तिघं एकच मागू.

हे अक्षर त्याच्यासारखं दिसेल. माझं आहे.

पाकीट बंद केलेलं नाही. उघडंच मदरच्या टेबलावर ठेवते आहे.

तुझी,
त्रेस्या